दोनचा हादरा

उदगीरच्या परिसरात जमीन खोदली, तर काळ्या मातीखाली मुरूम लागतो, मुरमाखाली पाषाण लागतो आणि दैव बरे असेल तर पाणी लागते. कोळसा लागत नाही. आमच्या लहानपणी कोळसा ठाऊक होता तो रेल्वे स्थानकाजवळचा. परळी-विकाराबाद मार्गावरच्या वाफेच्या इंजिनांतून पडलेले अर्धवट जळके तुकडे गोळा करून आणायचे आणि शेगडीत घालायचे, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. त्यामुळे कोळशाच्या खाणीविषयी लिहिण्याचा अधिकार मला पोहोचत नाही, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. तरीही लिहितो आहे, याची दोन कारणे आहेत. माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, ती चंद्रपूरच्या बाजूला वर्धा नदीच्या काठी दिलेली आहे. तिच्या गावाला खाणीने तीन बाजूंनी वेढलेले आहे. आणि त्या गावासाठी मी एकदा एक निवेदन लिहून दिले होते. मराठीचा अध्यापक म्हणून जे लिखाण मी केले, त्यात ज्याची मला सर्वाधिक लाज वाटते, ते हे निवेदन. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

गावाचे नाव मुद्दाम देत नाही. तिथे अक्का अजून राहते, आणि तिच्या घरात खाणीचा पगार आलेला आहे.

अक्काचे लग्न १९८२ साली झाले. दाजींचे मामा पाटबंधारे खात्यात आमच्याकडे नोकरीला होते, त्यांनी हे स्थळ आणले. 'मुलगी एवढ्या लांब?' असे तेव्हा सगळे म्हणाले. नांदेड, किनवट, आदिलाबाद करत चंद्रपूरकडे जायचे म्हणजे दिवस मोडत असे. पण दाजींकडे चार एकर कापसाची काळी होती, गावात स्वतःचे घर होते, आणि नदी बारमाही होती. मराठवाड्यातल्या बापाला याहून अधिक काय हवे असते?

काळी हा शब्द इथे जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आपल्या खेड्यांच्या भाषेत काळी आणि पांढरी अशी जोडी आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गावठाण. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त ज्या गावाची रचना आपण वाचतो, ती या दोन रंगांवर उभी आहे. काळीने पिकवायचे आणि पांढरीने राहायचे. गावाचे सारे व्यवहार, मानपान, भांडणे आणि देवसुद्धा या दोहोंच्या मध्ये वसलेले असतात. अक्काच्या गावात मात्र काळीच्या खाली आणखी एक काळी निघाली. ती पंचवीस कोटी वर्षांहून जुनी, आणि तिला वर काढायचे तर वरची काळी आणि जमल्यास पांढरीही उचलून बाजूला ठेवावी लागते.

वर्धा खोऱ्यातला कोळसा काही आजचा नाही. १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली गेली. नंतर बल्लारपूर, चंद्रपूर, घुग्घुस, राजुरा, नदीपलीकडे वणी असा पट्टा वाढत गेला. बहुतेक जुन्या खाणी भूमिगत होत्या. जमिनीत बोगदे खणायचे, छत तोलण्यासाठी कोळशाचेच खांब मागे ठेवायचे आणि मधला कोळसा काढून घ्यायचा. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि पुढच्या काळात उघड्या खाणींचा जोर वाढला. उघडी खाण म्हणजे वरची सगळी जमीन खरवडून काढणे. आधी माती, मग मुरूम, मग खडक. खडकात ओळीने भोके पाडून त्यांत स्फोटके भरायची, ठरलेल्या वेळी उडवायची आणि मोकळा झालेला मलबा डंपरने नेऊन बाजूला रचायचा. या मलब्याचे डोंगर होतात. आमच्या भाच्याने लहानपणी चित्रकलेच्या वहीत डोंगरामागून उगवणारा सूर्य काढला होता. तो डोंगर म्हणजे त्याच्याच आजोबांचे शेत होते, हे त्याला फार पुढे कळले.

दाजींचे चार एकर नव्वदच्या दशकात गेले. त्या बदल्यात त्यांना खाणीत नोकरी लागली. ही गोष्ट मी आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे वाचताना ती विसरून चालणार नाही. त्या नोकरीवर दोन मुलांची शिक्षणे झाली, एक लग्न झाले, घराला स्लॅब पडला. पावसाची वाट पाहत आमच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी गळफास घेतले, त्या वर्षांत दाजींचा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता. अक्काला खाण बंद व्हायला नको आहे. तिला काय हवे आहे, हे ऐकून घेण्याची रीत मात्र आपल्याकडे नाही.

माझ्या आईने आयुष्यात एकदाच खाणीचे गाव पाहिले. दाजींच्या निवृत्तीच्या वर्षी आम्ही दोघे गेलो होतो. आईने १९९३ चा भूकंप अनुभवला होता. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटे किल्लारी परिसरात जे झाले, त्याच्या मानाने उदगीरला काहीच झाले नाही; पण भांडी मांडणीवरून पडली होती, आणि त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही अंगणात झोपलो होतो. जमीन हलते ही गोष्ट त्या पिढीच्या हाडात बसली. पुढे वर्षानुवर्षे ट्रक रस्त्यावरून गेला आणि खिडकी वाजली, तरी आई हातातले काम टाकून उंबऱ्याकडे पाहायची.

अक्काकडे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवून बसलो होतो. एकाएकी जमिनीतून एक दाब वर आला, भिंतीवरचा आरसा खिळ्यावर हलला आणि मागाहून आवाज आला. आई मला वाटले नव्हते इतक्या वेगाने उठली आणि अंगणात जाऊन ओरडू लागली, "बाहेर या की गं! बसून का राहिलाव?" कुणी उठले नाही. अक्काची सून बाळाला मांडीवर घेऊन तशीच बसली होती. तिने फक्त बाळाच्या कानावर हात ठेवला होता, आणि तोही आवाजाच्या आधी. शेजारची बाई कुंपणापलीकडे तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून आईला समजावले, "काही नाही होत जी आजी, दोनचा होय."

दोनचा. जशी दोनची एस.टी., दोनची तासिका, तसा दोनचा हादरा. आई आत येऊन बसली, पण तिचा चेहरा ओढलेलाच राहिला. रात्री ती मला म्हणाली की भूकंप आला तेव्हा सगळे गाव एकमेकाला हाक मारत होते. इथे कुणीच कुणाला हाक मारली नाही. उदगीरला परतल्यावरही बरेच दिवस दुपारी घड्याळाकडे पाहून ती म्हणायची, "अक्काकडं आता झाला असंल." पुढे २०२१ साली ती गेली.

मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. भूकंपाला कुणी मालक नसतो. त्याला शिव्या देता येतात, त्याच्यापुढे हात जोडता येतात, त्याच्यावर ओव्या रचता येतात. दोनच्या हादऱ्याला मालक आहे, वेळापत्रक आहे, नोंदवही आहे, आणि मर्यादाही आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात ती ठरवून दिलेली आहे. जमिनीचे कंपन सेकंदाला किती मिलिमीटर चालेल, हे कंपनाच्या वारंवारतेवर आणि इमारतीच्या प्रकारावर ठरते. वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल, तर परक्या घरासाठी ५ मिलिमीटर आणि खाणीच्या मालकीच्या घरासाठी १०. ऐतिहासिक वास्तू असेल तर २. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा साहित्याच्या विद्यार्थ्याला पडेल तोच प्रश्न मला पडला. एकाच गावात, एकाच दुपारी, एकच हादरा तीन प्रकारच्या भिंतींना तीन प्रकारे मान्य आहे. मग ज्या घराचा मालक काल शेतकरी होता, आज खाणीचा कामगार आहे आणि उद्या ज्याचे घरच खाणीचे होणार आहे, त्या घराची भिंत कोणत्या रकान्यात बसवायची?

त्या गावात माणसे बोलताना कायद्याची कलमे वारा-पावसासारखी वापरतात. "आम्हाले सात लागला," "त्यायच्या बाजूले नऊ लागून गेला," असे मी बसस्टॉपवर ऐकले आहे. हे आकडे १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्रे संपादन कायद्यातले. सातव्या कलमाखाली सरकार संपादनाचा इरादा जाहीर करते. मग हरकतींसाठी तीस दिवस. नवव्या कलमाखाली संपादनाची घोषणा. हरकत कशाची घ्यावी यालाही हद्द आहे. 'माझ्या जमिनीतला कोळसा मीच काढीन' असे म्हणणे ही हरकत धरली जात नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. पुढे २०१३ चा भूसंपादन कायदा आला. त्याच्या मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ पासून या संपादनालाही लागू झाल्या. पण जमीन घेण्याआधी गावाच्या जगण्यावर काय परिणाम होईल ते तपासण्याची जी अट त्या कायद्यात आहे, ती इथे लागू नाही. म्हणजे जमीन गेल्यावर काय द्यायचे, हे विचारले जाते. ती गेल्याने काय जाईल, हे विचारण्याचा प्रसंग एकच उरतो, आणि तो पर्यावरणाच्या बाजूने येतो. त्याचे नाव जनसुनावणी.

जनसुनावणी आपल्याकडे १९९७ साली आली आणि २००६ च्या अधिसूचनेने तिला आजचे रूप मिळाले. प्रकल्पाचा अहवाल तयार करायचा, त्याचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करायचा, तीस दिवसांची सूचना द्यायची, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने वरिष्ठ अधिकारी अध्यक्षस्थानी, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आयोजन. लोकांनी बोलायचे, त्याची नोंद व्हायची आणि ती तिथल्या तिथे त्यांच्या भाषेत वाचून दाखवायची. कागदावर ही सुंदर कल्पना आहे. मराठीत माणसांनी बोलावे आणि राज्यसंस्थेने ते शब्दशः ऐकावे, असा दुसरा कोणता प्रसंग कायद्याने निर्माण केला आहे, ते मला पटकन आठवत नाही.

अक्काच्या गावच्या खाणीचा विस्तार होणार होता आणि त्यात जुन्या पांढरीचा एक भाग जाणार होता. करोनाच्या दोनेक वर्षे आधीची ही गोष्ट. दाजींचा फोन आला, "मास्तर, तुम्ही या. आम्ही बोलतो, तुम्ही लिहा. आमचं लिहिणं साहेबाले समजत नाही." मी गेलो. मला अभिमानच वाटला होता, हे कबूल करायला हवे. आयुष्यभर शिकवलेल्या मराठीचा शेवटी कुणाला तरी उपयोग होणार होता.

सुनावणीच्या आदल्या रात्री अक्काच्या ओसरीवर दहा-बारा माणसे जमली. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "विहिरीचा दोर तीनदा जोडला. पहिल्यांदा पोरीच्या लग्नात, मंग नातू झाला तवा, आणि यंदा तिसऱ्यांदा." मी लिहिले: 'परिसरातील भूजल पातळीत लक्षणीय घट झाली आहे.' एक बाई म्हणाली की कुरडया गच्चीवर वाळत घातल्या तर संध्याकाळी त्यांच्यावरून बोट फिरवून नाव लिहिता येते. मी लिहिले: 'हवेतील धूलिकणांचे प्रमाण चिंताजनक आहे.' एकजण म्हणाला, कापूस बोंडातच करडा होऊन रायला, व्यापारी हातात घेतो आणि गावाचं नाव विचारतो, मग भाव पाडतो. मी लिहिले: 'कृषी उत्पादनाच्या गुणवत्तेवर विपरीत परिणाम होत आहे.' एक पंचविशीतला मुलगा बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, या गावात मुली देत नाहीत. विचारतात, घर कुठे असेल? मी लिहिले: 'सामाजिक जीवन विस्कळीत झाले आहे.'

शेवटी अक्का बोलली. ती म्हणाली, "दोनच्या आधी सून बाळाच्या कानावर हात ठेवते. आता ते लेकरू दोन वाजायला आले की स्वतःच कानावर हात ठेवतंय. त्याला अजून बोलता येत नाही." मी थोडा थांबलो. मग लिहिले: 'स्फोटांमुळे बालकांच्या मानसिक आरोग्यावर परिणाम संभवतो.'

संभवतो! हे क्रियापद कुठून आले? मी तर ते मूल पाहिले होते.

अकरा मुद्द्यांचे निवेदन झाले. वाचून दाखवले तेव्हा सगळे गप्प बसून ऐकत होते, आणि ती शांतता मी पसंतीची समजलो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव होता. पुढे सोफे, मागे खुर्च्या, कडेला पोलीस. कंपनीच्या तज्ज्ञांनी पडद्यावर चित्रे दाखवली. अहवालाचा मराठी सारांश वाटला गेला होता. त्यात शेतातल्या मातीला, म्हणजे कोळशाच्या वर असलेल्या सगळ्यालाच, एक शब्द होता: 'अधिभार'. वीजबिलात जो असतो, तोच शब्द. ज्या काळीवर दाजींच्या तीन पिढ्या वाढल्या, ती कोळशाच्या बाजूने पाहिली तर नुसते वरचे ओझे होते. शब्द चुकीचा आहे असे म्हणता येत नाही. तो फक्त खालून पाहून केलेला आहे.

सरपंचांनी निवेदन वाचले. प्रत्येक मुद्द्याला उत्तर मिळाले. भूजल पातळीची नियमित नोंद घेतली जाते. धूलिकण मर्यादेत ठेवण्यासाठी पाणी शिंपडले जाते. स्फोटांची कंपने निर्धारित मर्यादेत आहेत. सामाजिक विकासासाठी निधी राखून ठेवला आहे. माझी वाक्ये आणि त्यांची वाक्ये एकाच मापाची होती. एकाच्या शेजारी दुसरे ठेवले की रकाना पूर्ण भरत होता. मला त्या क्षणी कळले की मी गावाची तक्रार लिहिली नव्हती. मी उत्तरांना सोयीचे प्रश्न लिहिले होते.

मग ती तांदूळ निवडणारी शेजारीण उठली. तिच्या हातात कागद नव्हता. तिने माईक दोन्ही हातांनी धरला आणि विचारले, "साहेब, तुमच्या घरी दोनचा होते का जी?" मांडवात आधी हशा झाला, मग तो थांबला. पुढच्या रांगेतल्या एका अधिकाऱ्याने मान खाली घातली, एवढे मी पाहिले. उत्तर आले नाही.

काही आठवड्यांनी इतिवृत्ताची प्रत मिळाली. तिच्या प्रश्नाची नोंद अशी होती: 'एका महिलेने स्फोटाच्या वेळेबाबत विचारणा केली.' समोरच्या रकान्यात: 'स्फोट निर्धारित वेळेतच केले जातात.' दाजी फोनवर म्हणाले, "मास्तर, तुमचं लिहिणं चांगलंच होतं. सगळ्याची उत्तरं मिळाली." त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता. असता तर बरे झाले असते.

आता यावरून, लोकांची बोली खरी आणि प्रमाण भाषा खोटी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. साहित्याच्या वर्गात तो लोकप्रियही आहे. मला तो पुरेसा वाटत नाही. शेजारणीचा प्रश्न बोलीत होता, तरी नोंदीतून गळालाच. आणि मोजमापाची भाषा ही नेहमी शत्रूची भाषा असते असेही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे आले. त्या आकड्यामुळे जानेवारी २०१० मध्ये तिथल्या नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्यांवर काही काळ बंदी आली. लोक वर्षानुवर्षे जे खोकून सांगत होते, ते एका दशांश चिन्हाने दिल्लीत ऐकू गेले. त्याच सुमारास ताडोबाच्या जंगलालगत लोहाऱ्याला होऊ घातलेली खाण लोकांच्या विरोधाने थांबली; तिथेही भावनेसोबत नकाशे होते, वाघांच्या वाटांचे पुरावे होते.

माझी चूक प्रमाण भाषा वापरली ही नव्हती. 'गावगाडा'सुद्धा प्रमाण भाषेतच आहे. पण त्यात गावाचे शब्द आपापल्या जागी, आपापल्या वजनासह उभे आहेत. मी काय केले? प्रत्येक वाक्यातून माणूस काढला, वेळ काढली, वस्तू काढली. दोर, कुरडई, बोंड, कानावरचा हात. वास्तविक हीच त्या गावाची मोजमापे होती. तीनदा जोडलेला दोर हे भूजलाचे तीन तारखांसह केलेले मोजमाप आहे. एका पिढीइतकी जुनी नोंद कोणत्या कार्यालयात असते? मी 'लक्षणीय घट' असे लिहिले नसते आणि 'या विहिरीला अमुक साली इतके हात दोर लागत होता, यंदा इतके हात लागतो' असे लिहिले असते, तर समोरच्यांना 'नियमित नोंद घेतली जाते' एवढ्यावर सुटता आले नसते. कोणत्या विहिरीची नोंद, कोणत्या दिवशी, हे त्यांना सांगावे लागले असते. दोनच्या हादऱ्याविषयी विचारायला हवे होते की कंपने मोजणारे यंत्र कुणाच्या अंगणात ठेवता? म्हणजे अचूकता लोकांकडे होती आणि मोघमपणा माझ्याकडे, आणि तो मी शैली म्हणून मिरवत होतो.

यात आपल्या वाचनाचाही हात आहे. खाणीविषयी जे वाङ्मय आपण मोठे म्हणून शिकवतो, ते बहुधा खाणीच्या आत उतरते. झोलाची १८८५ ची 'जर्मिनल' आत उतरते. संजीव यांची १९८६ ची हिंदी कादंबरी 'सावधान! नीचे आग है' १९७५ च्या चासनाला दुर्घटनेकडे पाहते, तीही आत. तिथे मृत्यू आहे, संप आहे, अंधार आहे. तिथे नाट्य आहे. वरच्या गावात नाट्य नसते. तिथे धूळ असते, आणि धूळ कथानक होत नाही. ऑर्वेलने १९३७ च्या 'द रोड टू विगन पिअर'मध्ये, खालची जमीन खचल्याने तिरक्या झालेल्या खिडक्यांची नोंद केली आहे. एरवीचे सगळे विसरले तरी त्या खिडक्या लक्षात राहतात, कारण त्याने 'निवासव्यवस्थेवरील परिणाम' असे लिहिले नाही. मराठीत अशी तिरकी खिडकी मला अजून भेटायची आहे. असेल तर या पानाच्या वाचकांनी जरूर कळवावी.

२०२२ च्या एप्रिलमध्ये पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या उदगीरला झाले. तीन दिवस गाव माणसांनी फुलले होते. दहा वर्षांपूर्वी, २०१२ साली, असेच संमेलन चंद्रपूरलाही झाले होते. उदगीरच्या मांडवात सीमाभाग, बोली, ग्रामीण साहित्य यांवर पुष्कळ बोलणे ऐकत असताना मला दुसरा मांडव आठवत राहिला, जिथे एका बाईने दोन्ही हातांनी माईक धरला होता. त्याच वर्षी २६ ऑगस्टला घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेले. वस्तीखाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. घर मात्र काही मिनिटांत सत्तरएक फूट खाली नाहीसे झाले आणि मागे एक खड्डा उरला. ते चित्रण अनेकांनी भ्रमणध्वनीवर पाहिले असेल. मला ते अक्काने पाठवले. सोबत एकच ओळ होती: 'हे आमच्याकडचं नाही.' तिला मला धीर द्यायचा होता, की स्वतःला, कोण जाणे.

अक्काच्या गावच्या विस्ताराला मंजुरी मिळाली. पांढरीतली काही घरे नव्या वसाहतीत गेली. तिथे रस्ते सरळ आहेत आणि देऊळ अजून बांधायचे आहे. अक्काच्या घरावर क्रमांक टाकून झाला आहे, पण पाळी आलेली नाही. ती म्हणते, जायचे तर एकदाच काय ते जाऊ द्या; राहायचे तर गच्ची गळते ती दुरुस्त करून घेऊ. क्रमांक टाकलेल्या घराला माणूस रंगही देत नाही. धूळ, हादरे, विहीर यांहून या लटकत्या वर्षांचा तिला जास्त त्रास होतो, आणि हा मुद्दा माझ्या अकरा मुद्द्यांत नव्हताच. तो त्या रात्री कुणी मांडला नाही, असे मी स्वतःला सांगत होतो. पण त्या मुलाने 'घर कुठे असेल?' म्हटले होते. तो हाच मुद्दा होता.

त्या रात्रीची माझी वही सुदैवाने माझ्याकडे आहे. निवेदन करण्याआधी माणसे जसे बोलली, तसे भराभर टिपून घेतले होते. निवृत्त होण्यापूर्वीच्या शेवटच्या वर्षी मी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तीन कागद दिले होते: वहीतली पाने, माझे निवेदन आणि इतिवृत्त. मूळ वाक्यापासून रकान्यापर्यंत जाताना काय काय गळत गेले, त्याची यादी करा, एवढेच सांगितले होते. कागद कुणाचे, ते सांगितले नव्हते. देवणीकडच्या एका मुलीने यादी केली आणि खाली लिहिले की इतिवृत्त लिहिणाऱ्यापेक्षा निवेदन लिहिणाऱ्याने जास्त गाळले आहे, कारण इतिवृत्ताच्या लेखकापर्यंत फारसे काही पोहोचलेच नव्हते.

मी तिला पूर्ण गुण दिले. निवेदन कुणाचे होते, ते मात्र वर्गात सांगण्याचे धैर्य झाले नाही. म्हणून इथे सांगितले. पुढची सुनावणी होईल तेव्हा दाजी पुन्हा फोन करतील की नाही, माहीत नाही. केला, तर वही घेऊन जाईन, आणि या खेपेस माणसे जशी बोलतील तसेच लिहून, खाली ज्याची त्याची सही घेईन.